पोर्तुगीज शिकताना इंग्रजीवर किती विसंबावे?

लिस्बनमधल्या दुकानांच्या काचेच्या दारांवर पी, यू, एक्स, ई अशी चार अक्षरे असतात. उच्चार जवळजवळ 'पूश'. इंग्रजी येणारा माणूस दार ढकलतो आणि दार जागचे हलत नाही, कारण त्या शब्दाचा अर्थ 'ओढा' असा आहे. ढकलायच्या दारावर 'एम्पूर्रे' लिहिलेले असते. पोर्तुगीजच्या पहिल्या धड्यात हा विनोद झाला नाही असा वर्ग विरळाच. पण त्याच रस्त्यावर पुढे 'फार्मासिया', 'ओश्पिताल', 'युनिव्हर्सिदाद' या पाट्या लागतात आणि त्या कोणी न शिकवताही कळतात. म्हणजे इंग्रजी इथे तारतेही आणि बुडवतेही. ती कुठे तारते आणि कुठे बुडवते याचा अंदाज आधीच आला, तर शिकणाऱ्याची बरीच मेहनत वाचते.

मराठी माणसाला हा अंदाज घ्यावाच लागतो. पोर्तुगीज शिकण्याची कारणे वेगवेगळी असतात: कोणी पोर्तुगालला शिकायला किंवा नोकरीला निघालेला असतो, कोणाच्या कंपनीचे काम ब्राझीलशी चालते, गोव्यात कोणाला आजोबांच्या जमिनीचे कागद वाचायचे असतात. हाताशी येणारी पुस्तके, अ‍ॅप आणि शब्दकोश मात्र बहुतेक सगळे इंग्रजीतून शिकवणारे. एका बाजूला पोर्तुगीज शब्द, समोर इंग्रजी प्रतिशब्द, आणि मराठी अर्थ आपण मनातल्या मनात लावायचा. तीन भाषांच्या या प्रवासात अर्थ कुठेतरी सांडतो.

तो किती सांडू शकतो याचा एक गाजलेला नमुना 1855 साली छापला गेला. पेद्रू कारोलिनू नावाच्या गृहस्थाने पोर्तुगीजांना इंग्रजी शिकवणारे संभाषणाचे पुस्तक काढले. त्यावर जोझे दा फोन्सेका यांचेही नाव होते. पण मूळ पोर्तुगीज-फ्रेंच पुस्तक तेवढे त्यांचे आणि या उद्योगाशी त्यांचा संबंध नसावा, असे मानले जाते. कारोलिनूला इंग्रजी येत नव्हते. फ्रेंच वाक्ये समोर ठेवून, फ्रेंच-इंग्रजी कोशातून एकेक शब्द उचलत त्याने मजल मारली असावी. व्हायचे तेच झाले. वाक्प्रचारांचे इतके विचित्र इंग्रजी तयार झाले की पुढे 'इंग्लिश अ‍ॅज शी इज स्पोक' या नावाने ते विनोदी पुस्तक म्हणून खपू लागले आणि 1883 च्या अमेरिकी आवृत्तीला खुद्द मार्क ट्वेनने प्रस्तावना लिहिली. आपण इंग्रजीमार्गे पोर्तुगीज शिकतो तेव्हा त्याच रस्त्यावर, फक्त उलट दिशेने, चालत असतो.

पुढे जाण्याआधी लेखनाविषयी थोडे. इथले पोर्तुगीज शब्द देवनागरीत, साधारण पोर्तुगालच्या उच्चाराला धरून लिहिले आहेत. पोर्तुगालमध्ये आघात नसलेले स्वर अर्धवट गिळतात. शब्द ओळखता यावा म्हणून ते इथे बऱ्याचदा पूर्ण ठेवले आहेत. 'झ' दिसेल तिथे तो कधी इंग्रजी 'झू'मधला आणि कधी 'मेझर'मधला समजावा. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पक्की करा: पोर्तुगीजमध्ये 'ट' आणि 'ड' नाहीत, 'त' आणि 'द' आहेत. इंग्रजीतून शिकणारा मराठी माणूस सवयीने 'टोमाटे' म्हणतो; खरे आहे 'तोमात'. आपल्याकडे दोन्ही वर्ण आयते असताना इंग्रजीच्या नादाने चुकीचा उचलण्यात काही अर्थ नाही.

आता इंग्रजी कुठे खरोखर कामाला येते ते पाहू. तत्सम आणि तद्भव हा भेद शाळेत शिकलेल्या माणसाला हे लगेच कळेल. संस्कृत 'हस्त' घासत घासत 'हात' झाला, 'दंत' दात झाला. पण 'हस्ताक्षर' आणि 'दंतवैद्य' या शब्दांत जुने रूप टिकले. लॅटिनचे तसेच झाले. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक, तिच्याकडे रोजच्या वापराने झिजलेले तद्भव शब्द आहेत. इंग्रजीचे घरगुती शब्द जर्मानिक, पण विद्वत्तेचे, कचेरीचे आणि दवाखान्याचे शब्द तिने लॅटिनमधून जवळजवळ जसेच्या तसे उचलले. त्यामुळे पोर्तुगीजमधल्या साध्या शब्दाचे नाते इंग्रजीतल्या साध्या शब्दाशी नसते, भारदस्त शब्दाशी असते. 'मांव' म्हणजे हात. 'हँड'शी त्याचा काही संबंध नाही, 'मॅन्युअल'शी आहे. 'लूआ' म्हणजे चंद्र, तो 'ल्यूनर'मध्ये सापडतो. 'दोर्मीर' म्हणजे झोपणे, आठवा 'डॉर्मिटरी'. 'लाव्हार' म्हणजे धुणे, तिथे 'लॅव्हेटरी'. 'कोमेसार' म्हणजे सुरू करणे आणि इंग्रजीत त्याचा भाऊ 'कमेन्स', जो इंग्रज माणूस बोलताना क्वचितच वापरतो. आपण मात्र इंग्रजी पुस्तकातून आणि सरकारी पत्रांतून शिकलो. आपले इंग्रजी जड असते म्हणून हसणारे हसोत, पोर्तुगीज शिकताना ते जडपण कामाला येते.

झिजण्याचे दोन नियम माहीत असले की असे शब्द अधिकच सापडतात. दोन स्वरांमध्ये आलेला 'ल' किंवा 'न' पोर्तुगीजने पुष्कळदा गाळून टाकला. 'कलर'मधला 'ल' गेला आणि उरला 'कोर', म्हणजे रंग. 'सेलेस्टियल'मधला गेला आणि झाले 'सेऊ', म्हणजे आकाश. 'ल्यूनर' आणि 'मॅन्युअल' यांतल्या 'न'चे तेच झाले. दुसरा नियम असा की जोडाक्षरातल्या 'ल'चा पुष्कळदा 'र' होतो: 'प्लेट'ची 'प्रातो', 'नोबल'चा 'नोब्र'.

आणि थोडे आणखी मागे गेलात तर इंग्रजीची गरजच उरत नाही. लॅटिन आणि संस्कृत एका कुळातल्या. सासऱ्याला पोर्तुगीजमध्ये 'सोग्रो' म्हणतात. तो आपल्या 'श्वशुरा'चा नातेवाईक. सून म्हणजे 'नोरा', तिचे मूळ आणि 'स्नुषा' एकच. 'विऊव्हा' ऐकल्यावर 'विधवा' आठवली नाही तरच नवल. 'नोव्हो'त 'नव' आहे, 'सेत'मध्ये 'सप्त'. 'डॉटर-इन-लॉ' असा तीन तुकड्यांचा प्रतिशब्द पाठ करत बसण्यापेक्षा हे सोपे.

दुसरा मोठा साठा प्रत्ययांचा. इंग्रजीत 'शन'ने संपणारे बहुतेक शब्द पोर्तुगीजमध्ये 'सांव'ने संपतात: 'इन्फॉर्मेशन'चे 'इन्फोर्मासांव', 'सिच्युएशन'चे 'सितुआसांव'. लिहिताना 'सी'ला खाली शेपटी, मग वर लाट असलेला 'ए', मग 'ओ'. हा नाकातला शेवट मराठी माणसाला जड जाऊ नये. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधी आपण 'नांव, गांव' असे अनुस्वार देऊन लिहीत होतो आणि कोकणात तसे बोलणारे आजही भेटतात. त्या 'नांवा'तला अनुनासिक जरा ठसठशीत केला की झाले. इंग्रजी 'टी'ने संपणाऱ्या 'सिटी', 'युनिव्हर्सिटी' यांचे 'दाद' होते, म्हणून 'सिदाद', 'युनिव्हर्सिदाद'. क्रियाविशेषणातल्या इंग्रजी 'ली'च्या जागी 'मेंत' येते: 'फायनली'चे 'फिनालमेंत'. 'ब्ल'चे 'व्हेल': 'पॉसिबल', 'पोसीव्हेल'.

इथे एक फायदा दुप्पट आहे. 'सांव' आणि 'दाद' या प्रत्ययांनी इंग्रजी 'शन' आणि 'टी'ची जागा घेतली की तो शब्द स्त्रीलिंगी. 'आझें'ने संपणारे 'व्हियाझें', म्हणजे प्रवास, 'गाराझें', म्हणजे गॅरेज, तेही स्त्रीलिंगी. उलट 'प्रोब्लेमा', 'सिश्तेमा', 'प्रोग्रामा' हे ग्रीकमधून आलेले शब्द 'आ'ने संपत असूनही पुल्लिंगी. इंग्रजी प्रतिशब्दाकडून लिंगाविषयी काहीही कळत नाही आणि इंग्रजीतून शिकलेली मुले सर्वांत जास्त इथेच अडखळतात. आपल्याला निदान निर्जीव वस्तूला लिंग असते याचे आश्चर्य वाटत नाही. फक्त मराठीचे लिंग तिकडे नेऊ नका. 'हात' पुल्लिंगी पण 'मांव' स्त्रीलिंगी. 'प्रवास' पुल्लिंगी पण 'व्हियाझें' स्त्रीलिंगी. वहीत शब्द नुसता लिहू नये, 'ऊ' किंवा 'आ' हे उपपद लावूनच लिहावा, जसे आपण परदेशी माणसाला 'ती भिंत', 'तो दगड' असे शिकवू.

इंग्रजी सर्वांत जास्त दगा देते ती रोजच्या साध्या क्रियापदांत. आणि मजा अशी की तिथे मराठी पुष्कळदा थेट जुळते. इंग्रजी-पोर्तुगीज यादीत 'आस्क'समोर दोन शब्द दिसतील: 'पेदीर' आणि 'पेर्गुन्तार'. दोन्हींतला फरक समजवायला इंग्रजी पुस्तके अर्धे पान खर्च करतात. मराठीत दोन शब्द पुरतात: 'पेदीर' म्हणजे मागणे, 'पेर्गुन्तार' म्हणजे विचारणे. 'नो'समोरही दोन: 'साबेर' आणि 'कोन्येसेर'. 'कोन्येसेर' म्हणजे ओळखणे, माणसाची किंवा गावाची ओळख असणे. 'साबेर' म्हणजे माहीत असणे आणि येणेसुद्धा. 'सेय नादार', मला पोहता येते. इंग्रजीतून जाणारा 'आय कॅन स्विम'चा 'कॅन' पकडतो आणि 'पोसो नादार' म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटते, याला पोहायची मुभा आहे किंवा आज वेळ आहे. 'येणे' हे मराठी क्रियापद मनात ठेवले तर ही चूक होत नाही.

'फिकार' हे क्रियापद तर इंग्रजी कोशात अर्धा रकाना खाते. राहणे, उरणे, होणे, एखाद्या ठिकाणी असणे, सगळेच त्यात. घरी राहिला, 'फिकोऊ एं काझा'. उदास झाला, 'फिकोऊ त्रिश्त'. स्टेशन जवळच लागते, 'आ इश्तासांव फीका पेर्तो'. बाईला दिवस राहिले हेही 'फिकार'नेच सांगतात. मराठी 'राहणे' हाताशी घेऊन सुरुवात केली की निम्मे उपयोग आपोआप बसतात. बाकीचे वाक्यांतून येतील. 'स्टे, बिकम, बी लोकेटेड' अशी साखळी पाठ करून काही साधत नाही.

शरीराच्या बाबतीत हिशेब दोन्हीकडे झुकतो. इंग्रजीत हाताचे बोट 'फिंगर' आणि पायाचे 'टो'. पोर्तुगीजमध्ये दोन्ही 'देदो', अगदी आपल्या 'बोटा'सारखे. पण मराठीत खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हातच असतो, पोर्तुगीजमध्ये 'ब्रासो' वेगळा आणि 'मांव' वेगळा. 'पेर्ना' वेगळी आणि 'पे' वेगळा. इथे 'आर्म, हँड, लेग, फूट' हे इंग्रजी प्रतिशब्द बिनधास्त वापरा. डोके दुखते हे सांगताना मात्र परत मराठीकडे या. पोर्तुगालमध्ये म्हणतात 'दॉय-म आ काबेसा', म्हणजे 'मला दुखते डोके'. 'मला वाटते'ला 'पारेस-म'. कॉफी प्यावीशी वाटते तर 'आपेतेस-म उं काफे'. सगळीकडे आपल्यासारखी 'मला'ची रचना. लगेच सगळे मराठीसारखेच असेल असे मानू नका, कारण आवडण्याच्या बाबतीत ते इंग्रजांच्या बाजूला जातात. 'मला चहा आवडतो' हे 'गोश्तो द शा', म्हणजे कर्ता 'मी'. आणि भूक, थंडी, वय या गोष्टी पोर्तुगीज माणसाजवळ 'असतात': 'तेन्यो फोम', भूक लागली; 'तेन्यो फ्रीओ', थंडी वाजते; 'तेन्यो त्रिंता आनोश', वय तीस. तीन भाषांत तीन तऱ्हा असतील तिथे प्रतिशब्द शोधूच नये, अख्खे वाक्य उचलावे.

'सेर' आणि 'इश्तार' या जोडीने जगभरचे विद्यार्थी हैराण असतात, कारण इंग्रजीत दोन्हींना एकच 'बी'. मराठीची मदत अर्धी होते. 'मे महिना गरम असतो' यात कायमचा गुण आहे, तिथे 'सेर'. 'चहा गरम आहे' ही आत्ताची स्थिती, तिथे 'इश्तार'. पण 'ती डॉक्टर आहे' यात आपण 'आहे' म्हणतो आणि ते म्हणतात 'सेर'. 'असतो' म्हणता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारा, पण तो शेवटचा निकाल मानू नका.

हाक मारण्याचे प्रकरण इंग्रजीतून शिकणे जवळजवळ अशक्य. 'यू' हा एकच प्रतिशब्द आणि त्याच्या पोटात सगळी माणसे. पोर्तुगीजमधला 'तू' हा उच्चारानेही 'तू' आणि अर्थानेही तूच, म्हणजे मित्राला, भावंडाला, लहान मुलाला. 'व्होसे' हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजून आला. ब्राझीलच्या मोठ्या भागात तो रोजचा साधा शब्द आहे. पोर्तुगालमध्ये तोच अनोळखी वडीलधाऱ्याला तोंडावर म्हटला तर कानाला खटकू शकतो. तिथे 'ऊ सेन्योर', 'आ सेन्योरा' म्हणावे आणि क्रियापद तृतीय पुरुषी ठेवावे. समोर बसलेल्या मारियालाच 'मारिया कॉफी घेणार का?' असे विचारण्याची रीतही पोर्तुगालमध्ये आहे. 'काकू चहा घेणार ना?' असे काकूंनाच विचारणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. अ‍ॅप मात्र प्रत्येक ठिकाणी 'यू' लिहून मोकळे होते.

फसव्या शब्दांच्या लांबलचक याद्या मिळतात. त्या पाठ करू नयेत असे मला वाटते. शब्द वाक्यात आडवा येतो तेव्हा तो कायमचा लक्षात राहतो. काही मात्र आधी माहीत नसले तर भलताच घोळ होतो. 'प्रेतेन्देर' म्हणजे नाटक करणे नव्हे, मानस असणे. 'आतुआलमेंत' म्हणजे 'अ‍ॅक्च्युअली' नव्हे, सध्या. 'पारेंतेश' म्हणजे नातेवाईक. आईवडील म्हणजे 'पायश'. 'लिव्रारिया'त पुस्तके विकत मिळतात, वाचायला नेता येत नाहीत. 'लांश' म्हणजे मधल्या वेळचे खाणे, जेवण नव्हे. 'रोमांस' म्हणजे कादंबरी आणि 'नोव्हेला' म्हणजे टीव्हीवरची मालिका. पोर्तुगालमध्ये कोणी 'कोन्श्तिपादो' असल्याचे सांगितले तर त्याला सर्दी झाली आहे, पोटाचे औषध सुचवू नका. 'इश्किझीतो' हा 'एक्स्क्विझिट'चा भाऊ, पण अर्थ 'विचित्र'. यजमानीणबाईंच्या स्वयंपाकाला तो लावू नये. वाइनच्या बाटलीवर 'काश्ता' दिसला तर दचकू नका. इंग्रजीतला 'कास्ट' याच शब्दावरून आला खरा, पण बाटलीवर तो फक्त द्राक्षाचा वाण सांगतो. 'कोब्रा' म्हणजे कुठलाही साप.

छापील मजकुरात आणखी एक गंमत होते. सी-ओ-एम-ई ही अक्षरे पाहून डोळा 'कम' वाचतो; पोर्तुगीजमध्ये ते 'खातो' किंवा 'खाते'. एन-ओ म्हणजे नकार नव्हे, 'मध्ये'. डी-ओ म्हणजे 'चा'. हे शब्द दर ओळीत येतात. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे मनात न वाचता मोठ्याने वाचा. उच्चार पोर्तुगीज झाला की डोळ्याची इंग्रजी सवय आपोआप सुटते.

मराठीत आधीच आलेल्या पोर्तुगीज शब्दांचा उपयोग किती? लोक तो फार फुगवून सांगतात. बटाटा, पाव, चावी, बादली, घमेले, पिंप, फीत, लिलाव, काजू, अननस, नाताळ, पाद्री ही यादी मोठी आहे. गोव्यात जन्मलेल्या सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी 1913 साली आशियाई भाषांतल्या अशा शब्दांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. रेवदंड्याजवळ कोर्लईला तर पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही बोलली जाते. पण शब्द चारशे वर्षे आपल्याकडे राहिले की आपले होतात. 'पगार' ज्यावरून आला तो 'पागार' म्हणजे पैसे देणे हे क्रियापद. पगाराला तिकडे 'सालारियो' म्हणतात. 'पेरू' ज्या 'पेरा'वरून आला असे सांगतात, तो नाशपातीसारखा. पेरू हवा तर 'गोयाबा' मागा. कोबीचा पूर्वज 'कोव्ह' म्हणजे पानांची भाजी, गड्डा 'रेपोल्यो'. आणि 'बटाटा'तले दोन्ही 'ट' तिकडे 'त' आहेत. हे शब्द ओळखीचे म्हणून आनंद घ्यावा, बाजारात मात्र खात्री करून वापरावेत.

पोर्तुगाल की ब्राझील हे लवकर ठरवा. दोन्हीकडचे शब्द एकाच वहीत भरले तर पुढे गोंधळ होतो. रेल्वे पोर्तुगालमध्ये 'कोंबोयो', ब्राझीलमध्ये 'त्रें'. बस 'आउतोकार्रो' आणि 'ओनिबुस', सकाळची न्याहारी 'पेकेनो-आल्मोसो' आणि 'काफे दा मान्यां', फळांचा रस 'सूमो' आणि 'सूको'. हे निदान निरुपद्रवी. 'प्रोपीना' ही पोर्तुगालमधल्या विद्यापीठाची फी, ब्राझीलमध्ये लाच. 'फातो' पोर्तुगालमध्ये सूट, ब्राझीलमध्ये वस्तुस्थिती. 'रापारीगा' पोर्तुगालमध्ये साधी मुलगी, ब्राझीलच्या काही भागांत तोच शब्द शिवीसारखा लागतो. उच्चारही बदलतात: पोर्तुगालचा 'बों दीया' ब्राझीलच्या बहुतेक भागांत 'बों जीया' होतो. इंग्रजी प्रतिशब्द देणाऱ्या याद्या कुठल्या देशाचे पोर्तुगीज हे बऱ्याचदा सांगत नाहीत, म्हणून कोश नीट निवडा. पोर्तुगालसाठी इंटरनेटवरचे प्रिबेराम आणि इन्फोपेदिया, ब्राझीलसाठी मिकाएलिस. परीक्षाही वेगळ्या: पोर्तुगालच्या नागरिकत्वाच्या अर्जासोबत पुष्कळजण ए-टू पातळीची 'सिप्ल' देतात, ब्राझीलची परीक्षा 'सेल्पे-ब्राझ'.

कोश वापरताना एक सवय लावून घ्या. इंग्रजी शब्दाचा पोर्तुगीज अर्थ मिळाला की तोच पोर्तुगीज शब्द उलट बाजूने शोधा. 'लाइट' शोधल्यावर 'लूझ', 'क्लारो' आणि 'लेव्ह' असे तिन्ही मिळतील: उजेड, फिकट आणि हलका. उलटे पाहिल्याशिवाय बॅग 'लेव्ह' आहे की 'क्लारो' हे कळायचे नाही. मग वहीत इंग्रजी लिहूच नका. उपपदासह शब्द, एक छोटे वाक्य, आणि त्या वाक्याचे मराठी. इंग्रजी शोधण्यापुरती, साठवण्यासाठी नाही.

वारांना तर इंग्रजीचा काडीचा उपयोग नाही. सहाव्या शतकात ब्रागाचे बिशप मार्टिन यांनी वारांना जुन्या रोमन देवांची नावे नकोत असा आग्रह धरला, आणि पोर्तुगीजमध्ये सोमवार ते शुक्रवार क्रमांकांनी मोजले जाऊ लागले. मोजणी रविवारपासून. म्हणून 'सेगुन्दा', दुसरा, म्हणजे सोमवार. 'तेर्सा', तिसरा, म्हणजे मंगळवार. 'सेश्ता', सहावा, म्हणजे शुक्रवार. सोमवारला पहिला धरून हिशेब केलात तर प्रत्येक भेटीला एक दिवस उशिरा पोहोचाल.

शेवटी गोव्याचे जुने कागद. तिथे इंग्रजी प्रतिशब्दाने होणारे नुकसान पैशांत मोजावे लागते. 'इश्क्रितूरा' पाहून 'स्क्रिप्चर' आठवते; ते नोटरीसमोर झालेले खत असते. 'मात्रीझ' म्हणजे कर आकारणीची नोंदवही. 'आसेंतो' कोशात बसायची जागा म्हणून दिसेल, पण जन्माच्या कागदावर तो रजिस्टरमधली मूळ नोंद. 'ओबितो' म्हणजे मृत्यू, 'काझामेंतो' म्हणजे लग्न. 'कोमुनिदाद' म्हणजे नुसता समाज नव्हे, गावच्या सामाईक जमिनी सांभाळणारी गांवकारी. नवराबायकोच्या सामाईक मालमत्तेला 'कोमुन्यांव द बेंश' म्हणतात, आणि 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा गोव्यात अजून चालत असल्यामुळे तो शब्द आजच्या कागदांतही भेटतो.

कागद 1911 च्या आधीचा असेल तर आणखी एक अडचण. त्या वर्षी पोर्तुगालने शुद्धलेखन बदलले. त्याआधी अक्षरे दुहेरी लिहीत, 'फ'साठी पी-एच वापरत, 'इश्क्रितूरा'त एक न उच्चारला जाणारा 'पी' असे. म्हणजे जुने रूप इंग्रजीसारखे जास्त दिसते, पण आजच्या कोशात सापडत नाही. अशा वेळी दुहेरी अक्षर एकेरी करा, पी-एचच्या जागी एफ, टी-एचच्या जागी टी आणि वायच्या जागी आय घाला आणि पुन्हा शोधा; बरेचसे शब्द लागतात. नोंदीची नक्कल काढतानाही शब्द नीट पाहून घ्या. 'नारातिव्हा' प्रकारच्या दाखल्यात मुख्य तपशील तेवढे असतात, 'तेओर' म्हणजे मूळ मजकुराची शब्दशः पूर्ण नक्कल. आपल्या कामाला कोणती लागणार हे वकिलाला आधी विचारा आणि अर्जावर तोच शब्द लिहा.